एका श्वासाची चाचणी

त्याला सगळे भोपळे म्हणत. ते त्याचं आडनाव नव्हतं. जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध एक बंद लोखंडी भांडं असतं, टॉर्क कन्व्हर्टर. आकार भोपळ्यासारखा, दोन्ही अंगांनी दबलेला. हे भांडं लेथवर कापून उघडायचं, आत जे झिजलं असेल ते बदलायचं, पुन्हा वेल्डिंग करून तोल बघायचा, हे काम आसपास तो एकटाच करायचा. म्हणून भोपळे. नाव त्याच्या साडूने ठेवलं होतं आणि ते इतकं चपखल बसलं की पुढे रागावल्यावर बायकोही तेच वापरू लागली. नाव चांगलं होतं, हीच त्यातली बोच. वाईट असतं तर झटकून टाकता आलं असतं.

साडू म्हणजे त्याच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दोघेही सासऱ्यांच्या गॅरेजमध्येच कामाला. खाली गॅरेज, वर दोघांची दोन बिऱ्हाडं आणि कोपऱ्यात सासऱ्यांची खोली, जिना एकच. साडू इंजिनं बांधायचा, हा गिअरबॉक्स. इंजिनाला आवाज असतो. साडूने बांधलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं की गाडीचा मालक डोळे मिटून मान हलवायचा आणि साडूच्या काळ्याकुट्ट हातात आपला स्वच्छ हात द्यायचा. गिअरबॉक्सला आवाज नसावा लागतो. गाडी निघाली, वेग वाढला, आणि मध्ये कुठे काय बदललं ते कळलंच नाही, की समजावं भोपळ्याने काम चोख केलं. कोणाला काही न जाणवणं हे त्याचं यश. असल्या यशाशी हात कोण मिळवणार?

मत्सर एका दिवसात आला नव्हता. सील गेलेल्या गिअरबॉक्सखाली तेल साचतं तसा तो थेंबाथेंबाने साचला. साडूच्या हातावरचं ग्रीस एका धुण्यात निघायचं, याच्या नखांत अडकून राहायचं. साडू दुपारी बाकड्यावर आडवा झाला की झोपलाच. साडूच्या शिटीला सूर होता. आणि सासरे. साडू मिसरूड फुटायच्या आधीपासून गॅरेजात होता, मुलगी त्याला मागाहून दिली. त्यामुळे सासरे त्याला ‘अरे ए’ म्हणत आणि चुकला की पाठीत धपाटा घालत. भोपळे स्थळ म्हणून आला होता. त्याला ते म्हणत, “या जावईबापू, बसा.” तो बसायचा. बसून त्या धपाट्याकडे बघायचा.

“लोक एकमेकांना पाण्यात पाहतात,” थोरली म्हणायची, थोरली म्हणजे त्याची बायको, “तुम्ही त्याला तेलात पाहता.”

आता ती गाडी. सासऱ्यांची स्वतःची, साय रंगाची, लांब बॉनेटची, सहा सिलिंडरची. सासूबाई गेल्यापासून ती मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. सासऱ्यांचा डावा गुडघा अलीकडे वळेनासा झाला होता, क्लच दाबणं बंद झालं होतं, आणि गाडी चालवता येत नाही म्हणजे माणूस संपला असं त्यांचं मत होतं. मग एका सकाळी काठी टेकत ते शेडपाशी गेले आणि ताडपत्रीचं टोक उचलून म्हणाले, “हिला क्लच नाहीच. हिला डावा पाय लागत नाही.” दोन्ही जावयांना त्यांनी एवढंच सांगितलं: गाडी चालती करा, मला स्वतःला चालवायची आहे. घाट चढून वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत, आणि परत.

काम वाटलेलंच होतं. साडूने इंजिन उतरवलं, भोपळ्याने गिअरबॉक्स. त्याने कन्व्हर्टर कापला. आत दोन पंखे समोरासमोर असतात, मध्ये तेल. एक इंजिनाला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला. ते एकमेकांना कधीच शिवत नाहीत. पहिला फिरतो, तेल उसळतं आणि दुसऱ्याला ढकलतं. दोघांच्या मध्ये एक लहान चक्र, परतणारं तेल वळवून पुन्हा कामाला लावणारं. ते एकाच दिशेला फिरावं लागतं. उलट घसरायला लागलं की गाडी जागेवरून उठताना मेल्यासारखी उठते. ते चक्र धरून ठेवणारा भाग झिजला होता. भोपळ्याने नवा बसवला. इतकं चोख काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. वेल्डिंगची रेघ बोटाखाली लागत नव्हती. मग त्याने भोपळा गिअरबॉक्सला बसवला आणि ती रेघ कायमची आत गेली, जिथे कोणी बघणार नव्हतं.

सगळं जोडून झाल्यावर चाचणी. तिला स्टॉल स्पीड बघणं म्हणतात. चाकांना ओंडके लावायचे, ब्रेक पूर्ण दाबायचा, गाडी गिअरमध्ये टाकायची आणि ॲक्सिलरेटर जमिनीला टेकवायचा. गाडी हलू शकत नाही, इंजिन ओरडत चढत जातं आणि एका आकड्यावर अडून राहतं. तो आकडा सगळं सांगतो. या गाडीचा दोन हजार होता, इंजिनाचे मिनिटाला दोन हजार फेरे. त्याहून जास्त आला तर गिअरबॉक्स घसरतोय; कमी आला तर इंजिन कमजोर, नाहीतर आतलं लहान चक्र गेलेलं. हे फार वेळ करता येत नाही, कारण हललं काहीच नाही तरी सगळा जोर तेल तापवण्यात जात असतो. सासऱ्यांचा नियम होता: एक श्वास रोखायचा, श्वास सुटला की पाय उचलायचा. आणि दुसरा नियम, एकाचा पाय, दुसऱ्याचा डोळा. इंजिन बांधणाऱ्याने ॲक्सिलरेटर दाबायचा, गिअरबॉक्स बांधणाऱ्याने मीटर वाचायचा. ज्याच्या त्याच्या अब्रूची किल्ली दुसऱ्याच्या हातात.

सासरे दाराशी खुर्ची टाकून बसले. साडूने ठिणगी देणाऱ्या कॉइलला क्लिपा लावल्या, मीटर भोपळ्याच्या हातात दिला आणि सीटवर जाऊन बसला.

“भोपळे, डोळे पुसून बघ,” तो खिडकीतून म्हणाला. “मागच्या वेळी ऐन आकड्यावर शिंकला होतास.”

“तू पाय पूर्ण दाब. अर्धा दाबून सुटू नकोस.”

साडूने श्वास घेतला. इंजिन चढलं, पत्रे थरथरले, भिंतीवर टांगलेले पाने एकमेकांवर वाजले. काटा उठला आणि पंधराशेवर थांबला.

भोपळ्याने काट्याकडे बघितलं आणि त्याच्या छातीत काहीतरी मोकळं झालं. त्याने लहान चक्र स्वतःच्या हाताने बसवलं होतं, ते चुकणं शक्य नव्हतं. म्हणजे इंजिन.

“किती?” साडूने विचारलं.

“तेल निवू दे. पुन्हा एकदा दाब.”

पुन्हा पंधराशे.

“दोन हजार ना?” दारातून सासरे म्हणाले. ते खुशीत होते, काठी वाजवत होते.

“पंधराशे, मामा.” त्याने ते सावकाश म्हटलं, तोंडात साखर विरघळवावी तसं. “इंजिनात दम नाही.”

“नाही हो. तो दोन हजारांचा आवाज होता.”

“मीटर पंधराशे दाखवतोय.”

सासऱ्यांची काठी थांबली. त्यांनी करंगळीने कान कोरला, करंगळीकडे बघितलं. “मीटर कशाला खोटं बोलेल,” ते म्हणाले.

साडू खाली उतरला. त्याने क्लिपा काढल्या, मीटरभोवती वायर गुंडाळली आणि क्षणभर मान खाली घालून उभा राहिला. भोपळ्याला ती मान फार आवडली.

“मीच कुठे तरी चुकलो असेन,” साडू म्हणाला. “हेड उघडतो.”

“आधी कॉम्प्रेशन तर बघ.”

“उघडूनच बघतो.”

इंजिनवाला माणूस सिलिंडरमधला दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, तपासल्याशिवाय इंजिनाचं डोकं उघडत नाही. दुसऱ्या कुठल्याही दिवशी भोपळ्याला हे खटकलं असतं.

त्या संध्याकाळी तो आंघोळीला गेला आणि बाहेर आला तेव्हा थोरली दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

“काय, लॉटरी लागली का?”

“धाकटीच्या नवऱ्याचं इंजिन कमजोर निघालं.”

“आणि म्हणून तुम्ही गात होतात.”

“मी कुठे गात होतो?”

“मग बादली गात असेल.”

तो पोटभर जेवला. वरून भात मागून घेतला. थोरली त्याच्याकडे अशी बघत होती की जणू घरात परका माणूस जेवायला बसलाय आणि त्याला ऊठ म्हणता येत नाही.

दोन-तीन दिवस मजेत गेले. साडू हेड उतरवून व्हॉल्व्ह फडक्यावर मांडून बसला होता आणि शिटी वाजवत नव्हता. भोपळे मुद्दाम तिथून जायचा. “काही सापडलं?” “बघतोय.” पण सासरे खाली यायचे बंद झाले. दारातली खुर्ची रिकामी राहिली, मग कोणीतरी तिच्यावर स्पार्क प्लगचं खोकं ठेवलं.

“बाबा गाडी देऊन टाका म्हणतायत,” थोरलीने जेवताना सांगितलं. “जो घेईल त्याला. म्हणतात, ज्याला स्वतःच्या गाडीचा आवाज ओळखता येत नाही त्याने स्टिअरिंगला हात लावू नये. रेडिओसुद्धा लावत नाहीत. विचारलं तर म्हणाले, ऐकू येतंय ते खरं कशावरून?”

भोपळ्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की म्हाताऱ्याचं दुःखसुद्धा इंजिनाचंच आहे. गिअरबॉक्ससाठी कोणी रेडिओ बंद करत नाही. मग त्याला स्वतःचा घास तोंडात फिरताना जाणवला.

दुसऱ्या दिवशी एक चार सिलिंडरची गाडी आली. त्याने मीटर उचलला. हा मीटर ठिणग्या मोजतो, पण किती ठिणग्यांचा एक फेरा धरायचा ते त्याला सांगावं लागतं. त्यासाठी पुढे एक कळ असते, चार, सहा, आठ. भोपळ्याने कळ चारवर आणायला अंगठा लावला. ती आठवर होती. आठवरून चारवर येताना मध्ये सहा लागला, टक करून.

तो तसाच उभा राहिला. सासऱ्यांच्या गाडीच्या आदल्या दिवशी एका हॉटेलची आठ सिलिंडरची गाडी होती. कळ त्यानेच आठवर नेली होती. सहा सिलिंडरच्या गाडीला मीटर आठवर ठेवून लावला तर काटा चार हिश्शांपैकी तीनच हिस्से दाखवणार. दोन हजाराचे पंधराशे. सरळ हिशेब. मीटर वाचण्याआधी कळ बघायची हे ज्याला कोणी सांगावं लागत नाही असा तो माणूस होता, आणि त्याने बघितली नव्हती, कारण काटा त्याला हवा तिथे थांबला होता.

गप्प राहिलं तर? त्याने सगळा विचार करून बघितला. साडू हेड बसवील, कळ सहावर असेल, काटा दोन हजारांवर जाईल, आणि सगळे म्हणतील, काय माणूस आहे, इंजिनातला दोष शोधून काढलाच. म्हणजे गप्प राहिलो तर साडू हुशार ठरणार, बोललो तर मी मूर्ख ठरणार. कुठल्याही वाटेने गेलं तरी शेवटी साडूचंच दार. तो तिथे उभ्या उभ्या तापत होता. ब्रेक दाबलेला, ॲक्सिलरेटर दाबलेला, आणि चाक तसूभर हलत नाही. असं तो किती वर्षं करत होता? श्वास केव्हाच सुटला होता, पाय उचलला नव्हता.

आणि या सगळ्यात म्हातारा कुठे होता? गप्प राहिलं तर त्याचे कान गेलेलेच राहणार होते. ते गेलेले नव्हते.

साडू व्हॉल्व्ह पुसत होता. ते आधीच चकचकीत होते. भोपळ्याने मीटर त्याच्यासमोर धरला.

“हा आठवर होता. त्या दिवशी.”

“हो,” साडू म्हणाला.

“हो म्हणजे?”

“वायर गुंडाळताना दिसलं मला.”

भोपळ्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. “दिसलं, आणि तू बोलला नाहीस?”

“तोवर तू मामांना सांगून मोकळा झाला होतास.” साडूने फडकं उलटं केलं. “आणि तू हसत होतास. इतक्या वर्षांत या गॅरेजात तुला हसताना बघितलं नव्हतं. म्हटलं, राहू दे. हेड काय, उघडायचं आणि बसवायचं.”

आधी नाव त्याने दिलेलं. आता आनंदही त्यानेच दिलेला निघाला. भोपळ्याला वाटलं, हातातला मीटर त्याच्या डोक्यात घालावा.

“दया करतोस माझ्यावर?”

“दया कसली रे. तुझ्यावर दया करायला मी कोण?” साडू आता त्याच्याकडे बघत नव्हता. “माझं प्रत्येक इंजिन मामा ऐकून बघतात. दोनदा, तीनदा, कान लावून. आणि काहीतरी काढतातच. तुझा गिअरबॉक्स त्यांनी कधी तपासलाय?”

“कधीच नाही. त्यांना त्याचं काय पडलंय?”

“तपासायची गरज वाटत नाही म्हणून नाही तपासत. एवढंही कळत नाही तुला? मी धपाटे खातोय अजून, केस पांढरे झाले तरी. तू आलास, खुर्ची मिळाली, ‘बसा’ झालं. मला कसं वाटत असेल?”

भोपळ्याला क्षणभर फार बरं वाटलं. मग लक्षात आलं की हेही साडूलाच आधी कळलं होतं, आणि पुन्हा पोटात दुखलं.

“मामा रेडिओ लावत नाहीत,” तो म्हणाला.

“का?”

“दोन हजार ऐकू आले होते त्यांना. बरोबर ऐकू आले होते. आपण दोघांनी त्यांना खोटं पाडलं.”

साडूचा हात थांबला. हे त्याला माहीत नव्हतं. निदान एक गोष्ट अशी निघाली जी भोपळ्याला आधी कळली होती, आणि तिचा त्याला काडीचाही आनंद झाला नाही.

दोघे वर गेले. सासरे खिडकीशी बसले होते, पाठ रस्त्याकडे करून. बोलायचं भोपळ्यानेच ठरवलं होतं, पण शब्द गाठीसारखे निघाले. कळ, आठ, हॉटेलची गाडी. साडूने मध्येच स्वतःचं सांगितलं, लपवलं नाही. सासरे ऐकत राहिले.

“म्हणजे एकाने बघितलं नाही,” ते शेवटी म्हणाले, “एकाने बघून सांगितलं नाही, आणि बहिरा झालो मी.”

त्यांनी काठी जमिनीवर आपटली.

“अरे ए, हेड केव्हा बसवतोयस?” साडू जवळ होता, पाठीत धपाटा बसला, नेहमीपेक्षा जोरात. मग सासरे भोपळ्याकडे वळले. भोपळ्याने नकळत पाठ ताठ केली.

“जावईबापू, मला खाली यायचंय. जरा हात द्या.”

त्याने हात दिला. नखांतल्या ग्रीससकट. म्हाताऱ्याने सगळं वजन त्याच्यावर टाकलं, पायरी पायरीला, आणि ते वजन बरंच होतं.

हेड बसलं तेव्हा सासरे स्वतः सीटवर बसले. पाय त्यांचा, मीटर भोपळ्याच्या हातात. साडूला पहिल्यांदाच हातात काही काम नव्हतं आणि तो फडकं पिळत उभा होता. भोपळ्याने कळ बघितली. पुन्हा बघितली. मग साडूसमोर धरली.

“सहा?”

“सहा,” साडू म्हणाला.

म्हाताऱ्याने डोळे मिटून श्वास घेतला. इंजिन चढलं, पाने वाजले. तिघांनीही श्वास रोखला होता. “दोन हजार,” डोळे न उघडता सासरे म्हणाले. “नाही, एक केस कमी.” त्यांनी पाय उचलला. काटा खाली पडण्याआधी भोपळ्याने तो केस बघितला होता.

“बरोबर,” तो म्हणाला.

वरच्या गॅलरीत दोघी बहिणी येऊन उभ्या होत्या. पुढची सीट एकसंध, सोफ्यासारखी होती. साडू दार उघडून उभा राहिला, भोपळेही तिथेच उभा राहिला, आणि मागचं दार कोणीच उघडेना.

“तिघं पुढे कशाला कोंबताय?” धाकटी वरून म्हणाली. “मागची सीट काय शोभेला ठेवलीय का?”

“बसू दे गं,” थोरली म्हणाली. “यांचा मान मागच्या सीटवर मावत नाही.”

“या जावईबापू, बसा,” सासरे म्हणाले आणि शेजारची जागा थोपटली. भोपळे मध्ये सरकला. त्याचा खांदा म्हाताऱ्याच्या खांद्याला टेकला. साडू त्याच्यानंतर आत शिरला आणि त्याने दार ओढून घेतलं.

गाडी निघाली. गल्ली संपली, मोठा रस्ता आला, मग घाट. चढावर कुठेतरी गिअर बदलला असणार. भोपळे तळपायांनी वाट बघत होता आणि त्यालाही ते कळलं नाही.

“काहीच जाणवलं नाही हो, जावईबापू,” सासरे म्हणाले. नजर रस्त्यावर, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

भोपळ्याने मान हलवली. टाकी दिसू लागली होती, इंजिन संथ लयीत गुणगुणत होतं, आणि साडूने काच खाली करून कोपर बाहेर काढला होता. वाऱ्याने त्याचे पांढरे केस उडत होते, आणि तो शिटी वाजवत होता, सुरात. सगळं मनासारखं झालं होतं. खिडकी मात्र साडूला मिळाली होती.